मागच्या चाकावरची जागा

बाबा,

आपल्या पिकपला टायर घ्यायचेत आणि विचारायला तू नाहीस. नुसते टायर नाहीत. शॉकअप गेलेत, गाडी पेलणाऱ्या कमानीचे पाटे बघायचेत, चाकांच्या डिस्कांना गंज चढलाय. म्हणजे गाडीला चारी पाय नवे लावायचेत म्हण. आणि हे सगळं मागतेय आपली बाय. तू गेलास तेव्हा ती ओट्यावर बसून करवंदं खात पाढे म्हणायची. आता ती तुझी गाडी चालवते. काकाच्या डोळ्यांना सांजेनंतर दिसेना झालं, तेव्हा तिनं त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं घाटात गाडी न्यायची?" तर ही म्हणाली, "आई, घाटाला काय ठावं, गाडी कोण चालवतंय." आई चुलीकडे तोंड फिरवून बसली, पण हसत होती असं बाय सांगते. मला वाटतं तू असतास तरी किल्ली तिलाच दिली असतीस, मला नाही. माझ्याबद्दल तू चारचौघांत सांगायचास, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय. ह्याला गाडी कशाला लागते?"

ते खरंच निघालं. आश्रमशाळा आठवीत सोडली, नाशिकचं गॅरेज सोडलं, मग वापी, मग सिल्वासा, आणि आता हे मस्कत. इथं मात्र टिकलोय. काम ऐकशील तर तुला पटणार नाही. इथली माणसं शोरूममधून कोरी करकरीत पिकप काढतात आणि थेट आमच्या दुकानात आणतात. आम्ही तिची चांगली चाकं काढून बाजूला ठेवतो आणि त्याहून मोठी, त्याहून रुंद लावतो. खालचे पाटे बदलतो, नवे शॉकअप टाकतो, गाडी वीतभर उचलतो. गिऱ्हाईक सोफ्यावर बसतं, समोर चहा येतो, आणि डिस्का अशा एकेक काढून दाखवायच्या की लग्नाचा बस्ता बांधायला बसलेत असं वाटावं. ही काळी नको, ती काळी दाखवा. ह्याला आठ पाकळ्या, त्याला सहा. एक म्हातारा अरब तर आपल्या नातवाला घेऊन आला आणि दोघं सकाळपासून दुपारपर्यंत एका डिस्कवरून भांडले. मी मधे उभा, हातात पाना. मला हसू येत होतं आणि तुझी आठवण येत होती. तू टायर घ्यायचास तेव्हा दुकानात उभाच राहायचास. टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालायचास, वास घ्यायचास, आणि म्हणायचास, "हा चिखलात रडंल."

तर बायचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम म्हणाली, "दादा, बाया बसंनात गाडीत." द्राक्षाचं काम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत. आपल्या पाड्यावरच्या बाया तुझ्या काळापासून आपल्याच गाडीतून दिंडोरीकडं जायच्या. तू गेल्यावर काकानं इतकी वर्षं टमाट्याचे क्रेट वाहिले, तेव्हा बायांनी दुसऱ्याची गाडी धरली. आता कामाची बोली ठरवायला जायचं म्हणून बायनं पहिल्या खेपेला हाक मारली तर आल्या सगळ्या, तुझ्या नावावर आल्या, पण परत येताना उतरल्या त्या कंबर धरून. टोळीची म्हातारी, जिच्या शब्दावर बाकीच्या चढतात-उतरतात, तिनं स्पष्ट सांगितलं, "पोरी, तुझ्या बापाची गाडी ही नव्हं. ही उखळ हाय आन् आम्ही भात." बाया बसल्या नाहीत तर ह्या हंगामात गाडीला काम नाही, आणि काकानं वणीचं एक गिऱ्हाईक आणूनसुद्धा ठेवलंय. ते गाडी नेणार आणि तिचा पाठीमागचा भाग कापून त्यावर पाण्याची टाकी बसवणार. बाय म्हणाली, "तू एवढ्या गाड्यांना पाय लावतोस, आपल्या गाडीला काय लावू ते सांग. मी तुझंच ऐकीन."

मला काय चढलं विचारू नको. कुणी मला 'तुझंच ऐकीन' असं म्हणायची वेळ जन्मात पहिल्यांदा आलेली. तो सबंध शुक्रवार, सुट्टीचा दिवस, मी खोलीवर बसून आपली गाडी सजवली. दोन इंच उचलायची. खाली जाड पाटे. रुंद टायर, मोठ्या खाचांचे, कुठल्याही चिखलातून निघतील असे. आणि डिस्का काळ्या, जरा बाहेर निघालेल्या, म्हणजे गाडी पाय फाकून उभी राहते, पैलवानासारखी. सगळ्यांचे फोटो काढून बायला पाठवले. तिचं उत्तर आलं संध्याकाळी. एकच ओळ. "दादा, लय भारी, पण ह्यात म्हातारी चढंल कशी?"

मी फोन उलटा करून ठेवला. कारण हे तर मला माहीत होतं, बाबा. हे मला तू माझ्या ढुंगणावर लिहून दिलं होतंस.

आठवतंय ना तुला? मी तेव्हा नाशिकला गॅरेजात. गंगापूर रोडला एका काचेच्या दुकानात भिंतीवर डिस्का टांगलेल्या, आतून दिवे सोडलेले, मी जाता-येता सायकल थांबवून बघायचो. नवीन घ्यायची कुठली ऐपत, पण गॅरेजात एका गिऱ्हाइकानं आपल्या जुन्या काढून टाकल्या, चंदेरी, रुंद, आणि मालकानं मला पगारातून फेडायच्या बोलीवर दिल्या. सोबत दोन जाड पाटे. मी ते सगळं एसटीच्या टपावर टाकून घरी आणतो आणि तू शेतात असताना एका दिवसात गाडीला बसवतो. तू येतोस, डोक्यावरचा भारा उतरवतोस, गाडीभोवती एक फेरी मारतोस. मी वाट बघतोय की आता शिवी येईल. तू म्हणतोस, "चांगली नटवलीस. सकाळी जाऊ बायांना घेऊन. तू बी चल."

मला वाटलं पुढं बसायचं, तुझ्या शेजारी. तू मागचा फाळका पाडलास आणि बोट दाखवलंस. मागच्या उजव्या चाकाच्या बरोबर वरची जागा. तिथं कधी कुणी आपणहून बसत नाही. म्हातारी आली तर फाळका तिच्या छातीला. दोघींनी खालून रेटलं, दोघींनी वरून ओढलं, तेव्हा ती आत पडली, आणि मला बघून म्हणाली, "ये रे नवरदेवा! गाडी नटवलीस, मग आम्हा वऱ्हाडणींना बसायला शिडी तरी आणायची." बाया ज्या हसायला लागल्या त्या घाट लागेपर्यंत. घाट लागला आणि मग हसायचं सुचलं नाही कुणाला. पाटे जाड, माणसं हलकी. गाडी दगडावरून गेली की पाटा दबायचाच नाही, आम्हीच उडायचो. प्रत्येक वळणाला टायर वर कुठंतरी घासायचा आणि कुत्रं केकाटल्यासारखा आवाज यायचा. माझी जीभ दोनदा दाताखाली आली. एका बाईनं आपली भाकरीची फडकी माझ्या बुडाखाली सरकवली, म्हणाली, "बस बाबा, भाकर मऊच व्हईल." आणि तू पुढून आरशात बघत होतास. तुझे फक्त डोळे दिसत होते.

दिंडोरीला उतरलो तर मला सरळ उभं राहता येईना. तू बिडी पेटवलीस आणि अगदी मान देऊन विचारल्यासारखं विचारलंस, "मिस्तरी, कशा वाटल्या डिस्का?" मी खाली बघून म्हणालो, "वाईट." तेवढंच.  परतताना तू मला पुढं घेतलंस आणि मग ते सांगितलंस, जे मी इथल्या एकाही शहाण्या मिस्तरीच्या तोंडून ऐकलं नाही. "गाडी पुढं बसून कळत नाय. मागच्या चाकावर बसलं की कळते. आन् तिथं बी बसून नाय कळलं, तर आरशात बघायचं. सांजच्याला बाया झोपल्या म्हणजे पाटे बरोबर."

तेव्हा मला कळलं, तू दर हंगामाला तो खटाटोप का करायचास. भात निघालं की घोटीच्या गिरणीच्या खेपांसाठी कमानीत एक पाटा जास्त घालायचास, आणि द्राक्षाचं काम लागलं की जॅक लावून, गाडीखाली उताणा पडून, तोच पाटा परत काढायचास. तोंडात माती, डोळ्यात गंज. काका म्हणायचा, "दादाला उद्योग नाय दुसरा." बाकीच्या पिकपवाल्यांचे पाटे एकदा बसले की गाडी भंगारात जाईपर्यंत निघायचे नाहीत. आपल्याकडे मात्र घरामागं भिंतीला एक पाटा टेकवलेला असायचा, वाकलेल्या भुवईसारखा. तो भिंतीला असला की समजायचं, आता गाडीत माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बायला फोन केला. म्हटलं, ते फोटो खोडून टाक. आता मी सांगतो तसं कर. काकाला गाडी चालवायला दे, भर उन्हात, त्याला दिसतं तेव्हा, आणि तू मागं जाऊन उजव्या चाकावर बस. ती मग म्हणाली, "दादा, मी बसले होते की. तुला फोन करायच्या आधीच बसले होते." म्हटलं, तुला कुणी सांगितलं? "बाबानंच. मी लहान होते तेव्हा तो मला तिथं बसवायचा आन् विचारायचा, बाय, पोटातलं पाणी हललं का?" मग तिनं धडाधड सांगितलं. काकानं टमाट्यासाठी घातलेला जादा पाटा तसाच आहे. शॉकअप तेल गाळतायत, म्हणून गाडी एकदा उडाली की दोन-तीनदा उडते. टायर कडक आहेत, आणि काका क्रेटच्या हिशोबानं हवा ठासून भरायचा ती तशीच भरली जाते. तिला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग मला कशाला विचारलंस? तर म्हणते, "तू आमच्यातला हायेस का अजून, ते बघत होते."

असलं बोलते ती. तुझ्यावर गेली आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, फोनवरच. जादा पाटा काढायचा आणि घरामागं भिंतीला लावायचा. गाडी एक बोटसुद्धा उचलायची नाही. टायर होते त्याच मापाचे, पण मऊ बाजूचे, आणि मधे खाचा अशा की ओल्या घाटात धरतील. दोन वेगवेगळ्या टायरांचे फोटो तिनं पाठवले. मी म्हटलं, फोटोवरून नको, नख घालून बघ. शॉकअप मी इथून पाठवले, सुरतेला जाणाऱ्या कामावरच्या एका जोडीदाराच्या बॅगेतून. त्याच्या बायकोचे कपडे त्यात मावले नाहीत म्हणून त्याच्या घरी भांडण झालं, ते वेगळं. पाटा काढताना बाय स्वतः गाडीखाली गेली. नट गंजून बसलेला, निघेना. आई बाहेरून म्हणाली म्हणे, "त्याला रॉकेल पाज आन् वाट बघ, तो तसंच करायचा." रात्रभर रॉकेल पाजलं, सकाळी निघाला.

काम लागलं. सकाळी म्हातारी चढली ती एका हातानं फाळका धरून, कुणाची मदत न घेता, पण बसल्यावर काही बोलली नाही. दिवसभर बायच्या तोंडात घास गेला नाही. वणीचं गिऱ्हाईक दोन दिवसांनी यायचं होतं. आणि मी इथं एका गाडीखाली उताणा पडलेलो, खिशात फोन, दर वेळी वाजला की पाना टाकून बाहेर सरकायचो. मालकानं विचारलंसुद्धा, बायको बाळंत व्हायचीय का?

सांजेला बायचा व्हिडिओ कॉल आला. बायनं वणीच्या फाट्यावर चहाला गाडी थांबवली होती आणि मागं जाऊन फोन धरला होता. काही आवाज नाही. मी आधी समजलो फोन बिघडला. मग दिसलं. बाया एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्यात. गाडी थांबलीय हेसुद्धा कुणाला कळलं नाही. आणि उजव्या चाकावर, तिथंच बाबा, म्हातारी, तोंड उघडं, हातात दाताच्या मिश्रीची डबी तशीच. बाय हळूच म्हणाली, "बघ."  गिऱ्हाइकाला काकानं येऊ नको म्हणून कळवलं.

हे मी शॉकअपच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय, दोन्ही बाजू भरत आल्या. टपालात टाकायचा नाही, टाकून जाणार कुठं. आता थोडीच जागा उरलीय, तेव्हा एक सांगून टाकतो. डिस्का जुन्याच ठेवल्यात, लोखंडी, पण गंज घासून त्यांना चंदेरी रंग मीच मारायला लावला. बाय विचारत होती, चंदेरीच का? मी म्हटलं, गंज लवकर धरत नाही. तसं काही नसतं. तू दिंडोरीला विचारलंस तेव्हा मी वाईट म्हणालो, पण उतरल्यावर लंगडत लंगडत मी एकदा मागं वळून गाडी बघितली होती, ऊन पडलं होतं चाकांवर. लय भारी दिसत होती, बाबा. आणि गॅरेजच्या मालकाला परत द्यायच्या दिवशी त्या चंदेरी डिस्का विहिरीवर नेऊन फडक्यानं तू पुसत बसला होतास, जरा जास्तच वेळ, ते मी घरामागून बघितलं होतं.