महालक्ष्म्यांची खोली

१ फेब्रुवारी
घरमालक भाडं न्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, मार्चअखेर खोली खाली करा, मुलाचं लग्न आहे. नवऱ्याला, प्रशांतला, एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून उमरखेड सोडून लोहाऱ्याला आलो, त्याला वर्षही नाही झालं. तिथे शेजारीण कोथिंबीर अशीच द्यायची. इथे कोथिंबीर विकत, टँकर विकत, लेकीच्या, चिऊच्या, स्कूलव्हॅनचे वेगळे. आता घर घेऊनच टाकू, असं दोघंही म्हणालो. जणू दुधाची पिशवी आणायची आहे.

८ फेब्रु.
नव्या लेआउटच्या मागे एक घर पाहिलं. दोन खोल्या, ओटा, बोअरला पाणी. मालक निवृत्त मास्तर, पण बोलतात त्या काकू. मुलाकडे पुण्याला चाललेत. मला घर पाहताक्षणी आवडलं, खोटं कशाला लिहू. भाव मात्र आमच्या कर्जात बसेना. उठणार तेवढ्यात काकूंनी मधली खोली दाखवली. "इथं भादव्यात आमच्या महालक्ष्म्या बसतेत, गौरी. सासूबाईपासून. सुनेले जमत नाही म्हणते. तुमच्याइथं बसतेत ना वं?"
मी तोंड उघडायच्या आत प्रशांत म्हणाला, "हाव. बसतात ना."
काकूंचे डोळे भरून आले. मास्तरांना म्हणाल्या, "यायले लाखभर कमी करा. आपली जागा मोडणार नाही."
आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कोणाला काही कळत नाही. प्रशांतला तेच बरं वाटतं.

९ फेब्रु.
भांडण. तो: "घर विकत घेऊन राह्यलो आपण, सोयरीक नाही करून राह्यलो. रजिस्ट्री झाल्यावर कोण पाहते?"
काकू पाहतील, म्हटलं. दरवर्षी प्रसादाला येणार म्हणाल्यात.
"पुण्याहून?"
मला हसू आलं. त्याचाच जास्त राग आला. संध्याकाळी इसार देऊन आला.

१४ फेब्रु.
काकूंनी बोलावून एक डबा हातात दिला. आत महालक्ष्म्यांचे मुखवटे. पितळी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. "सामान बांधून राह्यलो, त्यात इकडेतिकडे होतीन. तू ने पोरी. घर तुयं, ह्याही तुयाच." नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.
म्हणजे 'नाही' म्हटलंच नाही. डबा कपाटावर ठेवला. खालच्या फळीवर बुद्धमूर्ती. आमटीत मीठ दोनदा पडलं.

२० फेब्रु.
बाबांचा फोन. एसटीतून रिटायर होताना मिळालेल्या पैशातले काही देतो म्हणाले. मग, "घरात पहिले वंदना घेऊ. भंतेजींना मी सांगतो."
आजाने, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, धम्म घेतल्यावर घरातले देव टोपलीत घालून पैनगंगेत सोडले होते. आजी काठावर रडत उभी. ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की टोपली मीच पाहिल्यासारखी वाटते. आणि मी कपाटावर डबा ठेवून बसलेय, लाखभरासाठी. लाज वाटते. घरही हवंच आहे.
रविवारी येतायत.

२२ फेब्रु.
डबा मीच बाबांना दाखवला. ओरडतील म्हणून तयारीत होते. त्यांनी एक मुखवटा हातात घेतला, उलटून पाहिला. "म्हातारीनं घासूनपुसून देल्ले." मग माझ्याकडे बघून, "तिले काहून फसवून राह्यली तू?"
देवांबद्दल एक शब्द नाही. आजाचं नावही नाही. माझी सगळी उत्तरं वाया गेली.

२३ फेब्रु.
डबा घेऊन मी काकूंकडे गेले. प्रशांत आला नाही. "घर घालवशीन," एवढंच बोलला.
ओट्यावरच काकूंना सांगून टाकलं. आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे बसवत नाहीत, त्या दिवशी खोटं बोललो. काकूंनी पदराला हात पुसले. मग, "बस. चहा ठेवते." आत मास्तरांशी हळू आवाजात बोलणं चाललं होतं. चहा स्टीलच्या ग्लासात आला. मागच्या दोन्ही वेळा कपबशी होती. कपबश्या बांधल्या असतील. दारात खोकी होतीच.
"यायले विचारून सांगते," म्हणाल्या. डबा तिथेच ठेवून आले.

२७ फेब्रु.
इतके दिवस घरात अबोला. आमचा घरमालक रंगाऱ्याला आणून भिंती दाखवून गेला.
दुपारी मास्तरांचा फोन. घर द्यायला हरकत नाही, पण भाव मूळचाच. लाख कमी केले ते महालक्ष्म्यांच्या नावानं होते. परवापर्यंत कळवा.
त्यांचं बरोबरच आहे. की असं म्हटलं म्हणजे आम्हीच माघार घेऊ, असा हिशेब आहे? बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू त्या घरी बसून आली. तुले कळलं पाह्यजे."
प्रशांत जेवताना अखेर बोलला. ओव्हरटाइम मागतो म्हणाला, लाखाचं काहीतरी करू. मग ताटाकडे बघत विचारलं, "त्या दिवशी चहा कशात देल्ला होता तुले?"
कपबशीत, म्हटलं.