विमान आलं होतं

डंकन,

सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. मी चालायला जातेय. फोन मुद्दाम घरी ठेवलाय, मला परत तेच ऐकायचं नाही. विमान कंपनीवाल्यांचा फोन येईल, तो तू घे. ते म्हणतील, विमान उडालं होतं, बाईच आल्या नाहीत. त्यांना सांग, आईच्या अंत्यविधीच्या वेळी कोरोनामुळे लीड्सबाहेर पडायलाच बंदी होती. आईच्या मृत्यूचा दाखला दिला तर तिकिटाचे पैसे लगेच देतील, पण तो देऊ नकोस. बंदीमुळे मी आले नाही, एवढंच त्यांनी लिहून द्यावं. ते मला माझ्या भावाला, फिन्टनला पाठवायचंय. शेजारी रस्त्याकडेला लांब उभे, आणि आईच्या शवपेटीमागे तो एकटाच चालला. काल फोनवर म्हणाला, "विमान तर आलं होतं, नोरीन. मी विमानतळावर गाडी घेऊन थांबलो होतो."