पडण्याच्या परवानगीसाठी

प्रति,
मा. अध्यक्ष,
ज्येष्ठ शुश्रूषागृह दर्जा-मूल्यमापन समिती,
नागपूर.

अर्जदार : सौ. प्रेमिला रुपराव रेवतकर, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, मु. काटोल, हल्ली मुक्काम वाडी, अमरावती रोड, नागपूर.

विषय : माझे यजमान श्री. रुपराव रेवतकर यांना चालण्याची, व चालता चालता पडल्यास पडण्याची, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र. "सदर संस्थेस सुरक्षितता या बाबीत पूर्ण गुण असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

महोदय,

(पत्रावरची सही वाचता आली नाही. आपण बाई असाल तर महोदया समजून घ्यावे.)

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की,

१. माझे यजमान एस.टी.त काटोल डेपोला कंडक्टर होते. उभा जन्म त्यांनी चालत्या गाडीत उभ्याने काढला. संत्र्याच्या हंगामात गाडीत पाय ठेवायला जागा नसे, तरी मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत तिकिटे फाडत जायचे. घरीसुद्धा चहा उभ्यानेच. बसा म्हटले की म्हणायचे, बसले की झोप येते. मागल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली नि वाचा अर्धी राहिली. मुलगा अमोल वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याची भाड्याची खोली तिसऱ्या माळ्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे कामातून गेलेले. म्हणून नाइलाजाने यजमानांना जवळच्याच 'आधारवेल ज्येष्ठ शुश्रूषागृह' येथे ठेवण्यात आले.

२. सदर संस्थेविरुद्ध माझी वाईट तक्रार नाही, हे प्रथम नमूद करते. खोटे बोलून पाप घेणार नाही. आधी ज्या जागी ठेवले होते तिथे त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. इथे चादरी धुतलेल्या असतात, वरण गरम असते, नखे वेळेवर कापतात. हर्षा नावाची सेविका आहे, ती स्वतःच्या बापाचे करावे तसे करते. इथल्या व्यायामवाल्या डॉक्टरबाईंनी तर कमालच केली. दिवाळीपर्यंत यजमान हाताला धरून खोलीपासून फाटकापर्यंत चालत येऊ लागले होते. मी आले की फाटकाशी उभे दिसायचे. संडासलाही स्वतः जायचे, आणि दार आतून लावून घ्यायचे, ह्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

३. त्यानंतर ते पडले. पडले म्हणजे काय, तर बेसिनजवळचा टॉवेल घ्यायला गेले नि भिंतीला टेकून खाली बसले. खरचटलेसुद्धा नाही. हर्षाने सांगितले की आजोबा स्वतःच हसत होते. पण ती मुलगी इमानदार, तिने घडले तसे कळवले. पुढे आपल्या समितीची तपासणी आली, आणि त्या एका बसण्यापायी संस्थेचे गुण कापले जाऊन 'ब' श्रेणी आली. ज्या बाबीला सर्वांत जास्त गुण आहेत ती बाब म्हणजे 'रुग्ण पडण्याच्या घटना', आणि उत्तम काय, तर शून्य.

४. व्यवस्थापक श्री. सुमंत हे सभ्य गृहस्थ आहेत, पण त्यांनी गुण मनाला लावून घेतले. दुसऱ्याच आठवड्यात सर्व खुर्च्यांना मऊ कापडाचे पट्टे आले. त्यास सुरक्षा पट्टा म्हणतात. पाठीमागून बांधतात, म्हणजे बसलेल्याच्या हाताला लागत नाही. आता सगळे टीव्हीसमोर ओळीने बसलेले असतात. संडासात फरशी ओली असते, तिथे पडण्याची भीती जास्त, म्हणून सगळ्यांना डायपर. काटोल ते नागपूर लघवी दाबून गाडीत उभा राहणारा माझा माणूस, त्याला सांगतात, आजोबा, होऊ द्या तिथेच. यजमानांच्या शेजारी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले मनोहरराव असतात. ते मला म्हणाले, वहिनी, आमच्याकडे बॉयलरलेही एवढं बांधून ठेवत नव्हते. मी हसले, आणि घरी येऊन रडले.

५. पुढे आपली फेरतपासणी झाली, आणि आज संस्थेच्या दर्शनी भागी फलक आहे : 'अ श्रेणी. एकही रुग्ण पडला नाही.' साहेब, पडेल कसा? उभा राहील तर पडेल ना!

६. मी अंगणवाडी चालवलेली बाई आहे, तपासणी मला नवीन नाही. आमच्याकडेही साहेब लोक यायचे आणि लेकरांची वजने बघायचे. वजन केल्याने लेकरू वाढत नाही, खाऊ घातल्याने वाढते, एवढे आम्हाला कळत होते. आणि पडण्याचे म्हणाल तर आमच्याकडे एकेक लेकरू दिवसातून धा वेळा पडायचे, उठायचे, नाक पुसायचे, पुन्हा पळायचे. आपला नियम तेव्हा असता तर आम्ही सगळ्यांना बांधून ठेवले असते, आणि आख्खा काटोल तालुका आज रांगत असता. लहान तोंडी मोठा घास होत असल्यास क्षमा असावी.

७. परवानगीसाठी मी केलेले प्रयत्न असे. श्री. सुमंत म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर म्हणाले, चालवणे अत्यावश्यक आहे, न चालवल्यास पाय कायमचे जातील, आणि तसे लिहून दिले (प्रत सोबत आहे). श्री. सुमंत म्हणाले, यात चालवा लिहिले आहे, पडणार नाहीत असे कुठे लिहिले आहे? डॉक्टर म्हणाले, असे देवही लिहून देणार नाही. मग मी हमीपत्र दिले की यजमान पडल्यास सर्वस्वी मी जबाबदार राहीन. ते नामंजूर झाले (तेही सोबत आहे). कारण असे कळले की जबाबदारी माझी झाली तरी पडणे संस्थेच्याच नावावर मोजले जाते. मग ते पडणार नाहीत अशी हमी द्या म्हणाले. माझेच गुडघे असे आहेत की मी स्वतः पडणार नाही याची हमी मला देता येत नाही, नवऱ्याची कुठून देऊ?

८. शेवटी श्री. सुमंत यांनीच, माझी दया येऊन, हळूच एक मार्ग सांगितला. फाटकाच्या आत पडले तर मोजावे लागते, बाहेर पडले तर मोजत नाहीत. म्हणून मी यजमानांना व्हीलचेअरवरून बाहेर नेऊ लागले. आता फाटकाबाहेर काय आहे, हे आपण तपासणीला आलात तेव्हा गाडीच्या काचेतून पाहिले असेल. बाहेर गोदामे आहेत आणि दिवसभर ट्रक लागतात. आत गुळगुळीत फरशी, कठडे, डॉक्टरबाई, हर्षा, सगळे आहे. तिथे माझ्या नवऱ्याला चालायची बंदी. बाहेर खड्डे, गिट्टी, मागे येणारे ट्रक. तिथे खुशाल चाला. हे मी थट्टेने लिहीत नाही. मी खरोखर त्यांना तिथे चालवले. एका हाताने गोदामाची भिंत, दुसऱ्या हाताने मी. चहा पीत बसलेले ड्रायव्हर लोक बघायचे. एकाने तर स्वतःचा स्टूल आणून वाटेत ठेवला, चाचा थक जाए तो बैठ जाना म्हणाला. यजमान बसले नाहीत.

९. चारेक दिवस बरे गेले. त्यानंतर एक ट्रक मागे घेत होता. मी घाबरून बाजूला झाले, गुडघा वळला, आणि मीच खाली आले. यजमानांनी भिंत सोडली. कोणाचा आधार नसताना दोन पावले टाकली आणि डाव्या हाताने ट्रकच्या पत्र्यावर जोराची थाप मारून ओरडले, "थांबव!" लकवा झाल्यापासून इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ट्रक थांबला. ते तिथेच उभे होते, थरथरत होते, पण उभे होते. साहेब, मला लागले होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

१०. परंतु ही वार्ता आत गेली. अमोल कामावरून धावत आला. तो मला फार बोलला, आई, दोघंही मेले असते, आणि इथून बाबांना काढून टाकलं तर मी कुठं नेऊ त्यांना? पोराचेही खोटे नाही. त्या दिवसापासून बाहेर नेणेही बंद झाले. मी पडले ते मात्र कुठेच मोजले नाही.

११. आता गंभीर बाब. आधी मी गेले की यजमान पट्टा ओढायचे आणि म्हणायचे, "मले उभं कर वं." रोज म्हणायचे. मी रोज श्री. सुमंत यांच्याकडे जायची, रोज भांडायची. आता ते म्हणत नाहीत. पोटऱ्या पार वाळून गेल्या आहेत, पाय लोंबतात. गेल्या रविवारी टीव्हीच्या हॉलमध्ये संस्थेचे कोणी नव्हते. मी मागून पट्टा सोडला आणि म्हटले, उठा ना जी, कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पट्ट्याचे टोक डाव्या हाताने ओढून पोटावर धरले आणि म्हणाले, "राहू दे. पोरीची नोकरी जाईन." पोरगी म्हणजे हर्षा. कोणी पडले तर जी सेविका ड्युटीवर असेल तिला काढतील, असे त्या सर्वांना सांगितलेले आहे, आणि ते यजमानांनी ऐकलेले आहे. ज्याला उभे राहायला पाहिजे होते त्याने स्वतःच बसायचे ठरवले, आणि मी माझ्या हाताने तो पट्टा परत बांधला. मले कसं वाटलं असन, हे आपल्या तपासणीच्या कोणत्या रकान्यात बसते ते कळवावे.

१२. सबब विनंती की, संस्थेच्या श्रेणीस धक्का न लावता माझ्या यजमानांचा पट्टा सोडण्याचा आदेश व्हावा. ते पडले तर ते पडणे संस्थेच्या नावावर न धरता माझ्या नावावर धरावे. कु. हर्षा हिला त्यासाठी काढू नये. आणि पुढच्या तपासणीस कोण पडले हे जरूर विचारावे, पण कोण चालले हेही एकदा विचारावे. डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिना गेला तर मग परवानगी मिळूनही उपयोग नाही. म्हणून हा अर्ज निकाली न काढता वाचावा.

१३. ते पडतील, हे मला माहीत आहे. नाही म्हणणार नाही. माझ्याकडे हमी मागितली होती, तर जी देता येते ती या अर्जाद्वारे लिहून देते : यजमान पडले तर मी त्यांना उचलीन. उचलणे माझ्याच्याने झाले नाही, तर कोणी येईपर्यंत त्यांच्याजवळ खाली बसून राहीन.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून,

आपली नम्र,
(सही)
सौ. प्रेमिला रुपराव रेवतकर
वाडी, नागपूर
दि. १८ फेब्रुवारी २०२५