नसा कोणाच्या

१४ नोव्हेंबर २००६
आज पुन्हा पडले! वर्गात, फळ्यापुढे. मुलं हसली नाहीत — तेच जास्त लागलं. उजवं पाऊल उचलतच नाही. चार पायऱ्या चढले की धाप. चौतिसाव्या वर्षी!

२० नोव्हेंबर
नागपूरला जाऊन आले. नसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार नसांचा, आईबापाकडून आलेला. बरा होत नाही. पण धाप त्याची नव्हे. "पाय दगा देतात म्हणून तुम्ही बसून राहिलात. त्यात हृदय सुस्तावलं." आठवड्यातून तीनदा जागच्या जागी सायकल मारायची, मध्ये मध्ये नाडी मोजायची.
आईबापाकडून म्हणजे बाबांकडूनच. त्यांचे पाय लुळे पडले त्याला नऊ वर्षं झाली.

२२ नोव्हेंबर
आमच्या दारव्ह्याचे डॉक्टर उलटंच बोलले — "नसा आधीच कमजोर. त्यांना दमवू नका."
आता खरं कोणाचं?

२६ नोव्हेंबर
बाबांची सायकल स्टँडवर लावली. पाऊल पायडलवरून घसरतं, म्हणून जुन्या ट्यूबने बांधलं. दहा मिनिटं! नाडी एकशे अठरा. बाबा खाटेवरून ओरडले, "कायले जीव काढून राह्यली वो विजया? माहे पाय पाह्य!"
आई कापूस वेचून आली होती. यंदा भाव नाही, मजुरी कमी, तरी जाते. म्हणाली, "दम लागला त थांब. मंग पुन्हा मार."
हिला काय कळतं आजारातलं!

१९ डिसेंबर
पंचवीस मिनिटं. शाळेच्या पायऱ्या न थांबता चढले. पण पोटऱ्यांत गोळे. हृदय सुधारतंय आणि नसा झिजताहेत असं तर नाही? सायकल बंद करू? काही कळत नाही.

८ जानेवारी २००७
डॉक्टरीणबाईंनी आईबाबा दोघांनाही बोलावलं होतं. आई कुरकुरली, "मले काय झालं? मजुरीचा रोज बुडते माहा!" दोघांच्या पायांना करंट लावून नसा तपासल्या. ईसीजीही काढला. रिपोर्ट परवा, फोनवर.

१० जानेवारी
बाबांचे पाय शुगरने गेले. माझा आजार त्यांना नाहीच.
आईला आहे! जन्मापासून. तरी जन्मभर रानात राबली म्हणून हृदय ठणठणीत — डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या.
तिला कसं सांगू? सांगू का? ती सकाळीच वेचायला गेली.