बरणीतली दारू

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातवाचे केससुद्धा आता पांढरे झालेत. तरी आज तुम्हाला पत्र लिहायला बसले. काल अहमदपूरच्या शाळेत बोलावून मला शाल पांघरली. निजामाच्या काळात या आजींनी एका शब्दात जमादाराला गंडवलं, असं हेडमास्तरांनी पोरांना सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान डोलावून पेढा खाल्ला.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी तुमची सहाच महिन्यांची सून, आणि तुमचा लेक निजामाशी लढायला भरमार बंदूक घेऊन सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, मग गजानं ठासायचं. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत अख्खी भाकर खाऊन होते, असं ते हसून सांगायचे. ती दारू तुम्ही करायच्या. चूल विझवून, पाणी मारून, मगच पाटा मांडायच्या. तुराट्यांचा कोळसा, गंधक आणि सोरा. "या तिघी सवती हायत. येगयेगळ्या वाटायच्या, अन् ओल्या हातानंच येका जागी आणायच्या. न्हाई तर घर जाळतेत." मला हसू आवरत नाही आणि तुम्ही डोळे वटारता, "हसून काय राहिलीस? वाट!"

एका दुपारी झडती आली. हैदराबादेकडून नवा आलेला जमादार आणि दोन शिपाई. वाळवलेली दारू लोणच्याच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून ठेवलेली. तो बरणीवर छडीनं टकटक करतो आणि मला विचारतो, "इसमें क्या है?" लोणचं म्हणायचं, हे तुम्ही दहादा पढवलेलं. पण माझ्या तोंडून निघालं, "दारू."

आपल्याकडे बंदुकीत भरतात तीही दारूच. त्याच्या बोलीत मात्र ती बारूद, आणि दारू म्हणजे प्यायची. त्यानं छडी मागे घेतली. "लिंगायतों के घर में शराब? कौन पीता?" तुम्ही गळ्यातलं लिंग पदरानं झाकलंत आणि पुढं झालात. "मैं पीती, साब. घुटने लई दुखते." तो नमाजी माणूस, "तोबा तोबा, बुढ्ढी!" म्हणत बरणीला बोटही न लावता निघून गेला.

हे सगळं गल्लीनं ऐकलं. जंगमस्वामींनी, आपल्या गुरूंनीच, आपल्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. बायका तुम्हाला बघून नाकाला पदर लावायच्या. खरं सांगावं तर लेकाच्या जिवाशी खेळ, म्हणून तुम्ही गप्प. तुमची अब्रू गेलेली, आणि तुम्ही मात्र पाट्यावर बसून मला कोपरानं ढोसायच्या, "आज लई चढली गं." मी पोट धरून हसायची.

मग निजामाचं राज्य गेलं, तुमचा लेक धडधाकट घरी आला. त्या दिवशी तुम्ही हातातले चांदीचे गोठ काढून माझ्या हातात घातलेत. "खरं सांग, मुद्दाम म्हनलीस ना दारू?" सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "हाव." तेव्हापासून माझी सून लई हुशार हाय, हे तुम्ही मरेपर्यंत गावभर सांगितलंत.

न्हाई, आत्याबाई. मला त्याची बोली येत कुठं होती? मी भ्यायले होते, आणि भीतीनं खरं सांगून बसले होते. त्या क्षणी मी आपल्या सगळ्यांना त्याच्या हाती दिलं होतं. वाचवलंत तुम्ही, माझ्याच शब्दाला धरून.

हे पत्र कुठं टाकणार? पण पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही मला हुशार म्हणायच्या, ते मला फार आवडायचं.