आतला निरोप

मुलींचं वसतिगृह, बारामती
गुरुवार, ५ जून २०२५

प्रिय रेश्मा,

तुला नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, यात माझे दोन कागद फुकट गेले. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे म्हणून आधी आशीर्वाद लिहिला, पण तो वाचून माझं मलाच कसंतरी झालं. तेव्हा नमस्कार. बारावीला चांगले मार्क पडल्याचं कळलं, मनापासून अभिनंदन. काकूंची कंबर कशी आहे? कलिंगडाचं रान आता मोकळं झालं असेल, तात्यांनी तिथं पुढं काय लावायचं ठरवलंय?

इकडे ठीक चाललंय. कॉलेजला सुट्टी असली तरी आमचा सकाळचा सराव सुरूच आहे. वसतिगृहात मोजक्या मुली उरल्यात आणि मेसच्या मावशी रोज वांगं करतात. उत्कर्षा म्हणते, वांगी संपल्याशिवाय कॉलेज उघडणार नाही. उत्कर्षा म्हणजे माझ्या खोलीतली, आमच्याच बास्केटबॉलच्या टीममध्ये खेळते. तिची मावशी तुमच्या निमगावात राहते, म्हणून पत्र तिच्या हाती पाठवते आहे.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. केला होता. तुमच्या घरचा फोन तात्यांच्या खिशात असतो, त्यांनी उचलला, "कोन बोलतंय?" म्हणाले, आणि मी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत केला, परत ठेवला. कोण हे आगाऊ माणूस म्हणून तात्यांनी शिव्या घातल्या असतील तर त्या मला पोचल्या असं समज.

एप्रिलमध्ये आम्ही तुमच्याकडे आलो, त्या दिवसाबद्दल लिहायचंय.

आमचे कोच देवकाते सर उंच मुली शोधत दर उन्हाळ्यात बारामती-इंदापूरची गावं पालथी घालतात. अमक्याच्या पोरीला दारातून वाकून जावं लागतं, असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, सरांनी गाडी काढलीच. "खेळ मी शिकवीन, उंची कुठनं आणू?" असं म्हणतात. एकट्या पुरुषानं मुलीच्या घरी जाणं बरं दिसत नाही, म्हणून सोबत टीमच्या कॅप्टनला नेतात. सर ओसरीवर पुरुषांत बसतात आणि कॅप्टन आत बायकांत. मुलीचे तळहात केवढे, पावलं केवढी, आई किती उंच, हे आतूनच बघायचं. मुख्य म्हणजे बायकांच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं. बाहेर बाप्ये 'व्हय' म्हणाले तरी आतून नकार आला की मुलगी येत नाही, हे सरांनी इतक्या वेळा अनुभवलंय की ते आतल्या निरोपावरच चालतात. दोन वर्षांपूर्वी सांगवीला माझ्या घरीही अशीच एक ताई आत आली होती. तिनं माझ्या आजीशी चांगलं भांडण काढलं आणि मला घेऊन गेली.

तर तुमच्या घरी मी तशी आत आले. तुमच्या शेजारच्या साखरबाईंनी आधी गाडीत डोकावून बघितलं आणि मला विचारलं, "नवरदेव कुटं हाय?" मी म्हटलं, "नवरदेव न्हाय, मीच आलीया बघायला." त्या हसल्या नाहीत. काकूंनीही पोहे केलेच होते, नारळ-कोथिंबीर घालून. बाहेर सर तुझ्या मामांची उंची विचारत होते, तुझं वय विचारत होते, तुला दुखणंबिखणं काही होतं का विचारत होते. आता आठवलं की कळतं, अंगणात जमलेल्या माणसांना ते काय वाटलं असेल.

पण तू घरात नव्हतीसच. तू रानात, ट्रॉली भरत होतीस. बांधापासून ट्रॉलीपर्यंत माणसांची रांग होती आणि कलिंगडं हातोहात पुढं फेकली जात होती. तू शेवटी उभी. कलिंगड डोक्याच्या वर घ्यायचीस, घेताना हात जरासे मागं न्यायचीस, मग एका चवड्यावर वळून वर द्यायचीस. तो चवडा जागचा हलत नव्हता. हातावर आपटल्याचा आवाजही येत नव्हता. बॉल असा घ्यायला मला अख्खं वर्ष लागलंय, रेश्मा. सर रोज ओरडायचे, "थोपवू नकोस, अंगावर घे!" तुला कुणी शिकवलं होतं? कलिंगड फुटलं तर तात्या बोलतील, एवढीच काय ती तुझी शिकवणी.

सरांनी माझं कोपर धरलं आणि म्हणाले, "बघ, बघ, बघ." लहान मुलाला मोर दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. माझ्याकडे बघून तो चेहरा तसा कधी झालेला नाही.

मग गोठ्याच्या भिंतीपाशी उडी. कशी मारायची हे तुला दाखवायला सरांनी आधी मला मारायला लावली. बोटाला खडू, पायात स्पोर्ट्स शूज, मी जीव तोडून उडी मारली. नंतर तू सलवार-कमीजमध्ये, पायातल्या स्लीपर बाजूला काढून ठेवून मारलीस. तुझी खूण माझ्या खुणेच्या वीतभर वर उमटली. आणि तू मला विचारलंस, "ताई, परत मारू का? नीट न्हाय झाली."

आत काकूंनी मला पोह्यांची दुसरी डिश देत विचारलं, "तितली दारं उंच हायत का गं? हितं पोरीच्या कपाळाला सदा टेंगूळ." मग विचारलं, खाट लांब मिळंल का, पाय बाहेर येतात तिचे. बाहेर तात्यांनी सरांना सांगितलं, "माझी काय आडकाठी न्हाय, आतल्यांना इचारा."

त्यानंतर आमच्याकडून काहीच निरोप आला नाही, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. त्याचं असं झालं, की मला वाटलं काकूंचं मन होईना. त्या दाराचं विचारत होत्या, खाटेचं विचारत होत्या, म्हणजे त्यांना काळजी वाटत असणार, मुलीला लांब ठेवायचं म्हणजे

हे वरचं खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. अजूनही माझा हात कुठं वळतो ते तुला दिसू दे.

काकूंनी पोह्यांची डिश खाली ठेवून मला स्पष्ट सांगितलं होतं, "न्या तिला. तिच्या मापाचं हितं कायबी न्हाय." माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं. यापेक्षा सरळ होकार मी आजवर कुठल्याच घरात ऐकलेला नाही.

गाडी गावाबाहेर पडल्यावर सरांनी विचारलं, "आत काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "आई नको म्हणते. लग्नाचं बघायचंय म्हणते."

एवढंच. मी आधी काही ठरवलं नव्हतं, सरांनी विचारेपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यातही नव्हतं, पण तोंडातून असं सहज आलं की जणू पाठ केलेलं. फाट्यावर गाडी वळवताना सर म्हणाले, "पोरगी चांगली होती." मी खिडकीतून बाहेर बघत होते.

का, ते सांगते. बास्केटखाली आमच्या टीममध्ये एकच उंच मुलगी खेळते, आणि ती मी आहे. सर सगळा खेळ तिच्याभोवती बांधतात. माझं हे शेवटचं वर्ष. यंदा विद्यापीठाच्या संघात माझी निवड होईल असं सर म्हणाले होते, मी ते घरी सांगून बसले होते, माझ्या भावानं ते सगळ्या गावाला सांगितलं होतं. तू आलीस तर पहिले काही महिने धडपडशील, पायांत पाय अडकतील, सगळ्या हसतील. दिवाळीनंतर मात्र मी बाकावर आणि तू मैदानात. मला ते कलिंगडं बघतानाच दिसलं होतं. मला तुझा राग आला, रेश्मा. तू माझं काहीही वाकडं केलं नव्हतंस, तरी आला.

नंतर मी ते विसरलेसुद्धा. लाज याचीही वाटते. मे महिन्यात एकदा उत्कर्षा मावशीकडून आली आणि जेवताना सांगायला लागली, निमगावात एक लई उंच पोरगी आहे, तिला बघायला बारामतीहून गाडीतून पाहुणे आले, पोहे खाल्ले, पोरीला भिंतीला लावून मोजलं आणि जे पळाले ते पळालेच. सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. मोठ्यानं हसले, कारण गप्प राहिले असते तर कुणीतरी माझ्याकडे बघितलं असतं.

त्यानंतर इंदापूरच्या स्टँडवर तू भेटलीस. मी आत्याकडून परत येत होते. तू बाकावरून उठलीस तेव्हा मी आधी तुला ओळखलंच नाही. खांदे पाडून, मान पुढं काढून, गुडघ्यात वाकून उभी. एप्रिलमधली तू अशी उभी राहत नव्हतीस. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तू जवळ आलीस आणि हळूच विचारलंस, "ताई, मी कुटं कमी पडले? उंची कमी भरली का माझी?"

गाव म्हणतंय जास्त उंच म्हणून नाकारली, आणि तू मनात धरून बसलीस की कमी पडले. मग तू सांगितलंस, येत्या मंगळवारी इंदापूरची माणसं बघायला येणार आहेत, खरीखुरी, आणि आई म्हणाली, "आदीच जाऊन बस, त्ये जाईस्तवर उठू नगंस." हे सांगताना तू हसलीस. काकूंचा मला राग येत नाही. दोन महिन्यांपूर्वी याच बाईनं तुझ्यासाठी उंच दारं मागितली होती. तिला असं बोलायची पाळी मी आणली.

आणि मी काय म्हटलं? "सर कळवतील." आणि एसटीत चढले. जागा नव्हती, बारामतीपर्यंत उभी होते, पण तेवढ्यानं काही फिटत नाही.

आज सकाळी सराव संपल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते बॉलमध्ये हवा भरत होते, ऐकतानाही भरतच राहिले. तो बॉल दगडासारखा झाला. मला वाटलं कॅप्टनपद काढून घेतील, तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती मुलगी आता कुठं आहे?" मी मंगळवारचं सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी सकाळी जाऊ. पण मी एकदम जाऊन उभा राहिलो तर तिचे वडील म्हणतील, आता कशाला आलात. आधी तू काय केलंस ते त्यांना कळू दे." म्हणून हे पत्र. सर खेळाडूंच्या कोट्यातली जागा परवाच दुसऱ्या मुलीला देणार होते, ती थांबवलीय. वसतिगृहाचंही बोललेत.

आता तुला खरं काय ते सांगते, म्हणजे येताना डोळे उघडे ठेवून येशील. सुरुवातीला बॉल फारसा हातात मिळणार नाही. नुसतं पायांचं काम. गुडघे दुखतील, घरची आठवण येईल, वांगी खावी लागतील. सर रागीट आहेत पण खोटं बोलत नाहीत. बास्केटखाली जागा कशी धरायची, अंगावर येणाऱ्या मुलीला पाठीनं कसं रोखायचं, हे तुला मीच शिकवायचं, असं सरांनी आज सांगितलं. माझी जागा तुला मी स्वतः शिकवायची. ही शिक्षा आहे का, असं मी विचारलं नाही. आणि मी फार चांगली झालेय असंही समजू नकोस. हे लिहितानाही पोटात एक माणूस म्हणतंय, न येऊ दे. त्याचं ऐकू नकोस, ये.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि तुझ्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय. एकच मागते. हे पत्र लपवून ठेवू नकोस. काकूंना वाचून दाखव, तात्यांना दाखव. मग साखरबाईंना आणि त्या दिवशी अंगणात जे जे होते त्या सगळ्यांना ओसरीवर बोलव आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, मधलं खोटंसुद्धा. तुला कुणीही नाकारलं नव्हतं. दोन महिने तुझ्या नावानं जे बोललं गेलं ते आता माझ्या नावानं बोलू देत. ही कोण, कुणाची, कुठली, असं विचारतील. विचारलं की सांगता यावं, म्हणून सही पुरी करते.

तुझ्या आईचा होकार वाटेत गिळलेली,

स्वरूपा विजयसिंह तावरे
मु. पो. सांगवी, ता. बारामती