विळी कुणाची चांगली?

प्रिय दानांग,

आधी आनंदाची बातमी, मग भांडण. तुमच्या जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या गटातल्या कुणालाही घरी बसवत नाहीयेत. वाचलंस? पुन्हा वाच. काल ऑफिसातून येताना मी एकटीच हसत होते, गाडीतल्या बायका सरकून बसल्या.

निकालाची वाट न बघता राजीनामा पाठवून तू क्लातेनला आईंकडे निघून गेलास, म्हणून सगळं सांगावं लागतंय. कारखान्याचा ईदचा बोनस काढायचा प्रोग्राम पायथॉनवाल्यांचा आधी झाला आणि तुमची तोंडं उतरली, एवढंच तू पाहिलंस. विबोवो साहेबांनी तर ठरवलंच होतं, दोन भाषांच्या या स्पर्धेत हरेल त्या गटाला ईदनंतर कायमची सुट्टी. पण दोन्ही प्रोग्राम तपासत मी होते ना! तुमचा वेळ जावा लिहिण्यात गेलाच नव्हता. मधेच नोकरीला लागलेल्याला ईदचा बोनस किती, रोजंदारीवाल्याला किती, हे विचारत फिरण्यात गेला होता. पायथॉनवाल्यांना विचारायला जावंच लागलं नाही. त्यांच्यात लास्त्रीबाई होत्या, आणि आपल्याकडे येण्याआधी त्या त्याच कारखान्याच्या पगार विभागात होत्या.

मी साहेबांना म्हटलं, भाषांची अदलाबदल करा आणि तेच काम पुन्हा द्या. त्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण दिलं. दोन्ही गट परक्या भाषेत चाचपडत, मला शिव्या घालत बसले, आणि गंमत बघ, दोघांचंही काम आधीपेक्षा लवकर उरकलं! बोनसचे नियम एव्हाना सगळ्यांना पाठ झाले होते. साहेब डोकं खाजवत म्हणाले, "अरे, मग जिंकली कुठली भाषा?" लास्त्रीबाई फणकारल्या, "एकीला खवलेला नारळ दिलात, दुसरीला अख्खा, आणि आता विचारताय विळी कुणाची चांगली!" साहेबही हसले. स्पर्धा तिथेच मोडली. तुझ्या राजीनाम्याचा मेल त्यांनी माझ्यासमोर पुसून टाकला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं रे.

आता भांडण. बिननोकरीच्या माणसानं कुणाची मुलगी मागू नये, असं मला ऐकवून गेलास. मी घरी काहीच बोलले नाही, रोज उपास सोडताना आबांची नजर चुकवत राहिले. काल सगळं सांगितलं. जावा काय नि पायथॉन काय, आबांनी एक अक्षर विचारलं नाही. खजूर पुढे सरकवत एवढंच म्हणाले, "मग पोरगा आईला घेऊन कधी येतोय?" ईदच्या दुसऱ्या दिवशी, असं मी सांगून बसले आहे. मला खोटं पाडू नकोस.

वाट पाहणारी, तुझीच
लिलिस